तिसऱ्या कमानीची तहान

फार पूर्वी एका नदीच्या काठी एक नगर होते, आणि त्या नगरात एक चुनेवाली राहत असे. नगराला अभिमान होता तो आपल्या पुलाचा. काळ्या पाषाणाचा, सात कमानींचा तो पूल दर चैत्रात चुन्याने पांढराशुभ्र रंगवण्याचा प्रघात होता. रंगवण्याचा मान चुनेवालीच्या घराण्याकडे असे. दुसऱ्या दिवशी देवीचा रथ पुलावरून निघे, पैलतीरावरचे पाहुणे येत, आणि रथापुढे उभे राहून चुनेवालीनेच पुलाची स्तुती म्हणायची असे:

“सात कमानी, सात बहिणी, एकीतही उणे नाही.”

बारा वर्षे तिने ही स्तुती म्हटली होती, आणि प्रत्येक वेळी तिचा ऊर भरून आला होता.

परंतु गेली काही वर्षे एक कोडे तिला सुटत नव्हते. प्रत्येक कमानीला दोन घडे चुना पुरत असे. तिसरीला मात्र तीन लागू लागले. पुढच्या वर्षी चार. यंदा पाच घडे ओतूनही तिसऱ्या कमानीचा माथा ओला राहीना. आरंभी तिने आपल्या मनगटाला दोष दिला, मग कुंच्याला, मग चुन्याच्या भट्टीला. यंदा तिने कुंचा बाजूला ठेवला आणि परांचीवर बसून ती नुसती पाहत राहिली. चुना भिंतीवरून खाली ओघळत नव्हता. तो आत जात होता.

‘एवढी तहान कशाची?’ ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हा तिला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच जागी दरवर्षी पिंपळाचे एक इवलेसे रोप उगवे. पूल नीटनेटका दिसावा म्हणून ते ती खुडून टाकी आणि वरून चुना देई. रोप खुडले, पण त्याचे मूळ कुठे गेले?

ती तडक नगरशेठांकडे गेली. उत्सवाची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

“शेठजी, उद्या रथ पुलावरून नेऊ नये. तिसरी कमान आतून पोकळ झाली आहे, अशी मला शंका येते.”

“शंका?” नगरशेठ हसले. “बाई, पैलतीरचे पाहुणे आपला पूल पाहायला येतात. त्यांच्यासमोर तुमच्या शंका वाळत घालायच्या काय?”

“रथावर माणसे असतील, शेठजी. मागून लेकुरवाळ्या चालतील.”

“तुमच्या हाती कुंचा दिला आहे, न्यायाचा तराजू नव्हे. उद्या स्तुतीचा एक शब्द जरी चुकला, तरी पुढच्या वर्षी कुंचा दुसऱ्या घरी जाईल. समजले?”

चुनेवाली बाहेर पडली ती वैद्यबुवांच्या ओसरीवर आली. नगराला नावे ठेवण्यात वैद्यबुवांचा हात धरणारा कोणी नव्हता. इथले रस्ते वाकडे, विहिरी खारट आणि माणसे विहिरींहून खारट, असे ते रोज सांगत. निदान हे तरी ऐकतील, असे तिला वाटले.

वैद्यबुवांनी मांडीवर थाप मारली. “मी वीस वर्षे कंठशोष करतो आहे! तो सबंध पूलच कुचकामी. पाडून टाका!”

“सबंध नाही हो. सहा कमानी खणखणीत आहेत. तिसरीपुरतेच म्हणते मी. आपण कधी खाली येऊन पाहिले आहे का?”

“पाहायचे काय त्यात? मी रोग्याचा चेहरा पाहूनच निदान करतो. नाडी बघत बसायला सवड कुणाला आहे?”

घरी परतताना चुनेवाली विचारात पडली. एकाच्या मते पुलात काहीच वाईट नव्हते, दुसऱ्याच्या मते काहीच चांगले नव्हते. आणि दोघांपैकी एकानेही पुलाखाली पाऊल टाकले नव्हते. पण तिने तरी काय केले होते? रोप खुडले होते, आणि वर चुना फासला होता.

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही रथ पुलाच्या तोंडाशी येऊन थांबला. खाली नदीच्या कोरड्या वाळूत पाहुण्यांची दाटी झाली होती. चुनेवाली तिसऱ्या कमानीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. कुंचा तिच्या आजीच्या आजीपासून त्या घरात होता.

“सात कमानी, सात बहिणी,” तिने सुरुवात केली, आणि ती थांबली.

“पुढे म्हणा!” शेजारून नगरशेठ दबक्या आवाजात खेकसले.

“सहा बहिणींची ग्वाही मी देते,” ती मोठ्याने म्हणाली. “तिसरीचे मला ठाऊक नाही. तिलाच विचारून पाहू.”

तिने पूजेच्या ताटातली मूठभर हळद घेतली, पाण्याच्या कलशात कालवली आणि तो कलश पायाखालच्या सांध्यावर रिता केला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घराघरातल्या बायकांना ठाऊक होते.

काहीच घडले नाही. नगरशेठांच्या चेहऱ्यावर हसू उमटू लागले.

तोच खालून एक बाई किंचाळली, “अगं बाई! पुलाला रक्त आलं!”

कालच दिलेल्या शुभ्र चुन्यावरून, तिसऱ्या कमानीच्या ऐन मध्यातून, एक लालभडक रेघ खाली उतरत होती.

नगरशेठांनी मान खाली घातली. आता पैलतीरचे लोक हसणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. परंतु पाहुण्यांतला एक वृद्ध पाथरवट वर आला, त्याने ओल्या सांध्यावर हात ठेवला आणि हलकेच विचारले, “बाई, थोडी हळद उरली आहे का? आमच्या पुलाला आम्ही अजून काही विचारलेले नाही.”

रथ त्या दिवशी नदीच्या पात्रातून गेला. वाळूत चाके रुतली, तेव्हा दोन्ही तीरांच्या लोकांनी मिळून तो ओढला. पुढे कमान उकलली, तेव्हा आत मनगटाएवढे पिंपळाचे मूळ निघाले, आणि त्याभोवती वर्षानुवर्षांच्या चुन्याची ढेकळे. मधला दगड एका हाताने हलत होता. पावसाळ्यापूर्वी कमान नव्याने बांधून झाली. कुंचा मात्र चुनेवालीच्याच घरी राहिला. नगरशेठ स्वतः तसे सांगायला आले होते.

पुढच्या चैत्रात स्तुतीच्या आधी सातही कमानींवर हळदीचे पाणी ओतण्यात आले. खाली उभे राहून पाहण्याचे काम वैद्यबुवांवर सोपवले होते. ते बराच वेळ मान वर करून पाहत राहिले.

“काय दिसते, वैद्यबुवा?” वरून चुनेवालीने विचारले.

“काही नाही,” ते नाखुशीने म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी सांगितले, “पांढरे आहे. सगळे पांढरे आहे. पूल… बरा आहे.”

लोक हसले. चुनेवालीने हात जोडले, आणि तिचा ऊर पुन्हा भरून आला.

“सात कमानी, सात बहिणी, आज तरी एकीतही उणे नाही.”

ते ‘आज तरी’ त्या दिवसापासून स्तुतीतून कोणी गाळले नाही.

तात्पर्य: आपल्या नगराचा अभिमान त्यानेच बाळगावा, जो त्याच्या कमानीखाली जाऊन पाहतो, आणि दोषही त्यानेच दाखवावा, ज्याला उरलेल्या सहा कमानी धड दिसतात.