मार्तंडशास्त्र्यांचा सिद्धान्त आणि हौसाचा नंदी

“हा बैल तेलाच्या घाण्याला जुंपा!” राजा प्रतापधवलाने भर दरबारात हुकूम सोडला आणि हौसा नंदीवालीचं तोंड पांढरंफटक पडलं. देवबा नुसता बैल नव्हता, तिच्या घरची चूल त्याच्या मान हलवण्यावर पेटत होती!

झालं होतं असं. प्राणी आणि माणसं कशी शिकतात, कशी वागतात, या विषयावर मार्तंडशास्त्री नावाच्या पंडितांनी सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला होता. दरबारात तो कुणीच वाचला नव्हता, त्यामुळे त्यावर मतभेद नव्हते. सिद्धान्त असा, की जनावराला अक्कल नसते. ते धन्याचा चेहरा वाचतं आणि मान हलवतं. विचार करून उत्तर देतो तो फक्त माणूस, आणि त्यातही शिकलेला.

पुराव्यासाठी त्यांनी रस्त्यावरून हौसाला नंदीसकट धरून आणवलं. हौसाने समोर उभं राहून विचारलं, “देवबा, औंदा पाऊस चांगला पडंल का?” देवबाने झोकात मान डोलावली. मग शास्त्रीबोवांनी हौसाला खांबाआड उभं केलं आणि तोच प्रश्न आपल्या तोंडाने विचारला. देवबाने त्यांना नीट न्याहाळलं आणि रवंथ सुरू केला.

“पाहिलंत, महाराज? बैलाला काही म्हणता काही कळत नाही!”

“म्हणजे ही बाई गावोगाव लोकांना फसवत हिंडते!” राजाने मिशीवरून हात फिरवला आणि प्रसन्न चेहऱ्याने दरबाराकडे पाहिलं. “काय मंडळी, शास्त्रीबोवांचा सिद्धान्त बरोबर आहे ना?”

“बरोबर, महाराज!” प्रधान म्हणाले.

“अगदी बरोबर!” सेनापती म्हणाले.

“याहून बरोबर काही असूच शकत नाही!” खजिनदार म्हणाले. पंखा ढाळणाऱ्यानेसुद्धा पंखा थांबवून मान हलवली.

आणि लगेच तो घाण्याचा हुकूम सुटला.

पण हौसाही बारा गावचं पाणी प्यालेली बाई! तिने देवबाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “शास्त्रीबोवा खरं बोलत्यात, महाराज. देवबा माझं तोंड बघूनच मान हलवतो. पर मग त्या एकट्यालाच घाण्याला का? हितं समदेच तसं करत्यात!”



“जीभ आवर!” प्रधान ओरडले. “आम्ही विचार करून बोलतो!” एवढं बोलून त्यांनी महाराजांकडे पाहून घेतलं.

राजा हट्टाला पेटला. “ठीक आहे! सूर्य मावळायच्या आत, याच प्रश्नाला, याच मंडळींकडून ‘नाही’ असं उत्तर काढून दाखव. प्रश्न मीच विचारणार. तू त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाहीस, धमकी नाही, लालूच नाही. जमलं तर बैल तुझा. नाही जमलं तर बैल घाण्याला, आणि त्याला हाकायला तू!”

“कबूल! पर माझी एक अट हाय. ती तुमच्या एकट्याच्या कानात सांगंन.”

दरबार जेवायला उठला. तेव्हा हौसाने झोळीतून एक हिरवीगार चिंच काढून राजासमोर धरली. “सवाल इचारताना ही दाताखाली धरायची, महाराज. थुकायची न्हाई, गिळायची न्हाई, आन कुणाला सांगायची न्हाई.”

“बस? एवढंच?” राजा हसला. “तू हरलीस म्हणून समज!”

जेवणं उरकून मंडळी ढेकर देत परतली. राजाने चिंच दाताखाली धरली, चावली, आणि विचारलं, “काय मंडळी, शास्त्रीबोवांचा सिद्धान्त बरोबर आहे ना?”

प्रधानांनी वर पाहिलं. महाराजांचा एक डोळा मिटला होता, नाक कपाळाकडे निघालं होतं आणि ओठांचा चंबू झाला होता. प्रधानांना दरदरून घाम फुटला.

“नाही, महाराज! मला सकाळपासूनच शंका येत होती!”

“बरोबर? छे, छे!” सेनापती गरजले. “हुकूम करा, ग्रंथ जाळून टाकतो!”

“मी त्यावर पैसा खर्च करायला मुळातच तयार नव्हतो,” खजिनदार म्हणाले.

राजा थक्क झाला. पण चिंच पुन्हा दाताखाली आली आणि तोंड आणखी वाकडं झालं. तशा चेहऱ्याने तो शास्त्रीबोवांकडे वळला. “आणि तुमचं काय म्हणणं?”

शास्त्रीबोवांनी घाईघाईने हात जोडले. “सपशेल चूक आहे, महाराज! त्यातला बराचसा भाग माझ्या शिष्याने लिहिलाय. मी आपला नुसता शुद्धलेखन पाहत होतो!”

राजाने चिंच हातावर काढली आणि सगळ्यांना दाखवली. मंडळी माना उंचावून चिंचेकडे पाहू लागली.

“उत्तम चिंच, महाराज,” अखेर खजिनदार पुटपुटले.

“गप्प बसा!” राजा हौसाकडे वळला. “बाई, तू जिंकलीस. म्हणजे सिद्धान्त खोटाच म्हणायचा?”

“खोटा कसा, महाराज? सोळा आणे खरा हाय! शास्त्रीबोवांनी सकाळी तो बैलावर दाखवला, आन आत्ता सोताच्या अंगावर!”

हसू दाबता दाबता राजाचं पोट हलायला लागलं. “शाबास! देवबाला आजपासून दरबारात मानाची जागा! प्रधानांच्या शेजारी!”

“नगं, नगं!” हौसाने घाईघाईने कासरा धरला. “त्यो अजून शास्त्रीबोवांसारख्याला मान हलवत न्हाई, महाराज. हितं ऱ्हायला तर हलवाया शिकंल!”

राजा असा खदखदून हसला की मुकुट घसरून मांडीवर पडला. त्याने शास्त्रीबोवांच्या खांद्यावरची नवीकोरी भरजरी शाल काढून देवबाच्या पाठीवर घातली, नदीकाठचं हिरवंगार कुरण हौसाच्या नावे करून दिलं, आणि हसता हसताच विचारलं, “शाल शोभते ना रे, मंडळी?”

मंडळींनी आधी महाराजांचं तोंड नीट पाहिलं आणि मगच माना डोलावल्या.