भुऱ्याचा निवाडा

ही कथा मुलखामुलखांत निरनिराळ्या रूपांत ऐकू येते. सपाटीवरच्या पाठात कुत्र्याच्या जागी घोडी असते आणि शेवट सुखाचा होतो. डोंगराकडच्या मेंढपाळांचा पाठ कडू आहे. अधिक जुना तोच असावा, कारण त्यात सांगणाऱ्यांनी दोष आपल्याच माणसाच्या पदरी घातला आहे. इथे तो घेतला आहे.

फार पूर्वी, जेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही, एका माळावर मेंढपाळ आणि त्याची बायको राहत होती. त्यांच्या तळावर एक भुरा कुत्रा आला. एका चुनेवाल्याच्या भट्टीवरून तो पळाला होता आणि त्याच्या पाठीवर काठीचे वळ होते. बाईच्या हातची भाकरी तो खाई; पुरुषाची सावली पडली की झुडपात शिरे. बाई त्याला भुऱ्या म्हणू लागली.

मेंढपाळाने त्याची भीती काढायचे मनावर घेतले. काठी दूर ठेवून तो उकिडवा बसे, उघडा तळहात जमिनीवर ठेवी, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवून तोंड फिरवी. एक ऋतू गेला, तेव्हा कुठे भुऱ्याने तो तुकडा उचलला. पुढे तळावर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मेंढपाळ तसेच बसवू लागला. भुऱ्या साऱ्यांकडे जाऊ लागला. बाजारात मेंढपाळ ही युक्ती अभिमानाने सांगे.

ती चुनेवाल्याच्या कानी गेली. त्याने जवळच्या गावच्या पंचांकडे कुत्र्यावर हक्क सांगितला. त्या गावी जनावराचा वाद जनावरच मिटवी. दोन्ही दावेदारांनी समोरासमोर गप्प राहायचे, मध्ये जनावर सोडायचे. ते ज्याच्याकडे जाईल, त्याचे.

मेंढपाळ निर्धास्त होता. नवे घोंगडे पांघरून, काठीवर रेलून तो उभा राहिला.

बायको हळूच म्हणाली, "धनी, काठी ठेवा खाली."

"पंचांपुढं काठीविना उभा राहू? लोक हमाल समजतील मला."

समोर चुनेवाला रिकाम्या हाताने उकिडवा बसला. त्याने तळहात जमिनीवर ठेवला आणि तोंड फिरवले.

भुऱ्या सुटला. चुन्याचा वास ओळखीचा होता. त्याचे अंग थरथरले. त्याने मेंढपाळाकडे पाहिले. तिथे काठी होती. त्याने तळहाताकडे पाहिले. मग पोट जमिनीला घाशीत, शिकवल्याप्रमाणे, तो तळहातापाशी गेला.

पंचांनी निवाडा दिला. भुऱ्याच्या गळ्यात दावे बांधताना चुनेवाला म्हणाला, "चांगलं शिकवलंत, पाव्हणं. माझं काम हलकं केलंत."

मेंढपाळाने वळांची गोष्ट काढली. एक वृद्ध पंच म्हणाला, "मार खाल्लेलं जनावर मारणाऱ्याकडे आपल्या पायांनी जातं होय?"

घराकडे वळताना बायको एवढेच बोलली, "त्याचं भय हाच आपला साक्षीदार होता. तोच आपण गप्प केला."

बोध असा: दुबळ्याचे भय घालवायला निघालेल्याने आधी मारणाऱ्याचा हात रोखावा.

मेंढपाळ मात्र घरी गेला नाही. तो गावच्या बांधापर्यंत धावला. तिथे त्याने काठी टाकली, उकिडवा बसला आणि तळहात जमिनीवर ठेवला. भुऱ्याने वळून पाहिले. चुनेवाल्याने दावे ओढले आणि रस्त्याकडेच्या बाभळीची एक फांदी मोडून घेतली.