राजाने विणलेलं सरड्याचं घर

एका राज्यात घरं बोलत असत. फार नव्हे, दिवसाकाठी एकच शब्द. दिवेलागणीच्या वेळी घरात कुणी काही बोललं, की वास्तू म्हणे, "तथास्तु." आणि ते खरं होई.

म्हणून त्या राज्यात एक रीत होती. सूर्य कलला की ज्याने त्याने खडीसाखरेचा खडा तोंडात धरायचा आणि देव्हाऱ्यात दिवा लागेपर्यंत गप्प राहायचं. शहाणी माणसं एक खडा धरीत, भांडकुदळ दोन. एका घरातल्या सासूसुना तर सुपारी धरीत, कारण ती विरघळत नाही.

त्या राज्याचा राजा भद्रायु. राणी कौमुदी. त्यांना नऊ वर्षांचा एकच मुलगा, मेघांक. मुलगा गुणी, मुलगा आज्ञाधारक. राजाने विचारलं, "घोड्यावर बसायला आवडतं ना?" की तो म्हणे, "हो." राणीने विचारलं, "घोड्याची भीती वाटते ना रे?" की तिलाही म्हणे, "हो." गुरुजींनी विचारलं, "समजलं?" तरी हो. राजाला वाटे, असा मुलगा दुसऱ्या कुणाला नसेल.

एके दिवशी संध्याकाळी राजा-राणीच्या गप्पांत घोड्याचा विषय निघाला आणि दोन्ही 'हो' समोरासमोर आले. राजा तापट होता. खडीसाखरेची वाटी पुढ्यात होती, पण रागावलेल्या माणसाला साखर दिसते कुठे? तो मुलावर ओरडला, "सकाळी एक, संध्याकाळी एक! मुलगा नव्हे, सरडा आहेस सरडा!"

वाड्याच्या भिंती म्हणाल्या, "तथास्तु."

मेघांक उभा होता तिथे त्याचा अंगरखा रिकामा होऊन खाली पडला. बाहीतून एक वीतभर सरडा बाहेर आला. शेपटीचं वेटोळं, पायांचे चिमटे, एक डोळा राजाकडे, एक राणीकडे. रंग काळाठिक्कर.

राणीने त्याला ओंजळीत घेतलं. ती राजाला काही बोलली नाही. दिवा अजून लागायचा होता.

राज्यातले मांत्रिक आले. एकाने राख फुंकली, एकाने लिंबं कापली, एकाने सात समुद्रांचं पाणी शिंपडलं. सरडा सरडाच राहिला. राणीने त्याला अंगणातल्या जास्वंदीवर ठेवलं आणि स्वतः वेताची छडी घेऊन पहाऱ्याला बसली. राजा तिथे उभा असताना कुंपणावर एक भारद्वाज येऊन उतरला. तांबूस पंख, काळं अंग, डोळे गुंजेसारखे लाल.

"राजा," भारद्वाज म्हणाला, "घराने दिलेला शाप घरच उतरवतं. पण ते घर उघड्यावर हवं, आणि तुझ्या हातचं हवं."

राजाने हात जोडले. "पक्षिराज, आपलं दर्शन शुभ म्हणतात."

"माणसं म्हणतात. सरड्यांना विचार. मी सरडे खातो, म्हणून त्यांच्याविषयी मला जितकं ठाऊक आहे तितकं तुझ्या मांत्रिकांना नाही. आता ऐक. आठ-आठ दिवसांनी मी तीनदा येईन. दोनदा चुकलास तर माफ. तिसऱ्यांदा मला आत वाट सापडली, तर सरडा माझा. नाही सापडली, तर तुझा मुलगा परत कसा येईल ते सांगेन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ही बाई किती दिवस जागी राहील?"

राजाने राणीकडे पाहिलं. तिचे डोळे तारवटले होते. राजा म्हणाला, "कबूल."

पहिल्या आठवड्यात राजाने बागेत सोन्याचा पिंजरा उभारला. हात त्याचेच, सोनं खजिन्यातलं. लेकराला एकटं वाटू नये म्हणून चारही बाजूंना आरसे लावले. आत चांदीच्या वाटीत केवड्याचं पाणी ठेवलं. सरड्याला आत सोडलं मात्र, आरशातून चार सरडे त्याच्यावर चालून आले. तो फुगला, फुत्कारला, काळा पडला. पळायला गेला तर सोन्याच्या गजावरून पाय घसरले. राणीने धावत जाऊन त्याला उचललं.

आठव्या दिवशी भारद्वाज आला. दोन गजांमधून सहज आत शिरला, आरशात बघून स्वतःची पिसं नीट केली, बाहेर आला. "सुंदर आहे," म्हणाला. "मला फार आवडलं."

दुसऱ्या आठवड्यात राजाने दगडी घर बांधलं. दगडांमधल्या दरजा चुन्याने भरल्या, एकही फट ठेवली नाही. वर शिळा, खाली शिळा, मुठीएवढं दार, त्याला कुलूप. त्याची बोटं सोलवटली, पण मनाला समाधान वाटलं. भारद्वाज येऊन घराभोवती फिरला, छपरावर नाचला, दाराशी बसला.

"मला आत जाता येत नाही," तो म्हणाला.

राजा हसला.

"पण मला घाईही नाही. आत ऊन नाही, वारा नाही. वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटत नाही. चार दिवसांनी तू त्याला बाहेर काढून पुरायला नेशील, तेव्हा मी वाटेवर असेन."

राणीने दार उघडलं. सरडा कोपऱ्यात डोळे मिटून पडला होता, जुन्या कागदाच्या रंगाचा. तिने त्याला छातीशी धरलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती राजाशी कडक बोलली.

"महाराज, आपण दोनदा राजवाडाच बांधलात. एकदा मिरवायला, एकदा लढायला. माझं लेकरू राहणार कुठे?"

राजाला उत्तर सुचलं नाही. ते बरंच झालं. उत्तर सुचलं असतं तर त्याने तिसरा राजवाडा बांधला असता.

राणीने वेशीबाहेरच्या ठकूबाईला बोलावणं धाडलं. ठकूबाई बुरडीण. चार पिढ्या सुपं, रोवळ्या, पाळणे विणणारं घर. ती आली, उन्हात बसली, कोयता मांडीशी ठेवला.

"महाराज, कुणासाठी विणायचं?"

"माझ्या मुलासाठी. मी विणेन, तू शिकव."

"त्याच्यापाशी बसला का?"

"कशाला?"

"आमच्यात रीत हाय. पाळणा विणायचा तर आधी अर्धा दिवस लेकरापाशी बसायचं. कसं वळतंय, पाय कुठं टाकतंय, डोळं कशानं मिटतंय, ते बघायचं. मग कोयत्याला हात लावायचा. न बघता विणला तो पाळणा नव्हं, टोपली."

राजा जास्वंदीपाशी बसला. सरडा पानाआड गेला आणि काळवंडला.

"डोक्यावरचं काढा," ठकूबाई म्हणाली. "चमकतंय."

राजाने मुकुट काढून गवतात ठेवला. राज्यारोहणानंतर उन्हात उघड्या डोक्याने तो पहिल्यांदाच बसला होता. अर्ध्या दिवसाचे तीन दिवस झाले. कारभारी कागद घेऊन आले, त्यांना राणीने परत पाठवलं. राजा बसून बघत राहिला.

त्याने बघितलं, की सकाळी सरडा अंग चपटं करून एक कूस उन्हाला देतो आणि ती कूस कोवळी हिरवी होते. ऊन चढलं की पानांत शिरतो. जाड फांदी त्याला धरवत नाही, करंगळीएवढी डहाळी तो मुठीत घट्ट धरतो. पाऊल टाकण्याआधी दोनदा डुलतो, जणू कुणाची परवानगी मागतो आहे. वाटीकडे तो पाहत नाही, पण पहाटेचं दव पानावर थरथरलं की जीभ लावतो. आणि राजा नुसता खाकरला, तरी त्याच्या कुशीवर एक काळा ठिपका उमटतो.

तो ठिपका राजाला झोंबला. कारण मुलाच्या चेहऱ्यावर असं काही उमटायचं का, हे त्याला आठवेना. त्याने कधी इतका वेळ बघितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने कोयता घेतला. ठकूबाईने बांबू उभा चिरायला शिकवलं, कांबी तासायला शिकवलं. बांबूच्या कुसळांनी राजाचे तळवे भरले.

"जाळी किती बारीक ठेवू?"

"माशी आत गेली पायजे, नायतर लेकरू खाणार काय? आन् त्या पाखराची चोच आत गेली नाय पायजे."

राजाने जास्वंदीचं झाड मधोमध ठेवून भोवती जाळी विणली. झाडाएवढी उंच, वर घुमटासारखी बंद. पूर्वेची बाजू उन्हाला मोकळी सोडली, पश्चिमेला गारवेल चढवली. मुंगूस उकरून येऊ नये म्हणून जाळीचा तळ हातभर खोल पुरला आणि वर दगड दाबले. डहाळ्यांचे पूल बांधले, सगळे करंगळीच्या मापाचे. पाण्याचं मात्र अडलं. तेव्हा राणी म्हणाली, "महाराज, पिंडीवर पाणी कसं पडतं?" राजाने मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात दर्भाची काडी घातली आणि मडकं घुमटाच्या वर टांगलं. थेंब पानावर पडू लागले. टप. टप. सरड्याने मान वळवली, दोन्ही डोळे एका थेंबावर आणले आणि प्याला. राणीने पदर डोळ्यांना लावला.

आठव्या दिवशी भारद्वाज आला. भूक घेऊन आला होता, हे त्याने लपवलं नाही. तो घुमटावर बसला, नखांनी कांबी ओढल्या. त्या वाकल्या, तुटल्या नाहीत. जाळीत चोच घातली, ती टोकाशीच अडली. खाली उतरून माती उकरली, दगड लागला. दुपारपर्यंत तो फिरला. राजा राणीच्या शेजारी उभा राहून एकेका कांबीकडे बघत होता.

शेवटी भारद्वाज कुंपणावर जाऊन बसला. "वाट नाही," तो म्हणाला. "चांगलं घर आहे. माझं नुकसान झालं, पण चांगल्याला चांगलं म्हणावं."

"आता सांगा. माझा मुलगा परत कसा येईल?"

"त्याला यायचं असेल तेव्हा. त्याला विचार."

"एवढंच?"

"सोपं वाटत असेल तर आत्ताच विचार." आणि भारद्वाज उडून गेला, कारण त्याला जेवायचं होतं.

राजा जाळीपाशी गुडघ्यांवर बसला. "मेघांक, परत येतोस ना?"

नाकापासून शेपटीपर्यंत सरडा काळा झाला.

राजाने त्या रंगाकडे पाहिलं. तीन दिवस बसून तो रंग वाचायला शिकला होता, आता न वाचून चालणार नव्हतं. तो राणीला म्हणाला, "तो हो म्हणायचा, तेव्हा आत असा व्हायचा. मला वाटायचं माझं लेकरू माझं ऐकतं. ते मला भीत होतं."

राणी म्हणाली, "मीही 'भीती वाटते ना' असंच विचारायचे. मला हवं ते उत्तर माझ्याच प्रश्नात असायचं."

दोघंही रडले. रडताना राजाने जाळीला हात लावला नाही, कारण हात लावला की सरडा दचकतो.

मग राजा हळू म्हणाला, "बाळा, नको येऊस. तुला इथे बरं वाटत असेल तर इथेच राहा. तू मला असाच चालशील. तू माझा मुलगा आहेस, मग तुला पाय दोन असोत की चार. मी चुकलो. मी रोज येईन, पण विचारणार नाही."

आणि तो रोज आला. मडक्यात पाणी भरी, सैल झालेली कांब घट्ट करी, मग उघड्या डोक्याने बसे. न्यायनिवाडेही तो तिथेच करू लागला. सरडा दचकतो म्हणून राजा हळू बोले, राजा हळू बोले म्हणून प्रजाही हळू बोले, आणि निम्मे तंटे तर आवाज चढला नाही म्हणूनच मिटले. राणी शेजारी बसून भाजी निवडी. महिना गेला, दुसरा गेला. राजा खाकरला तरी आता ठिपका उमटत नसे. एकदा तर राजा मोठ्याने शिंकला. सरड्याने एक डोळा त्याच्याकडे फिरवला, दुसरा माशीवरच ठेवला आणि हिरवागार राहिला. त्या दिवशी राजाने राज्यात साखर वाटली. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी राजा जाळीला टेकून बसला होता. आत काहीतरी करकरलं. एक कांब तुटली, मग दुसरी. घुमट वर उचलला गेला, मडकं कलंडलं, आणि जास्वंदीच्या मधोमध नऊ वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. केसांत पानं, अंगभर पाणी, खांद्यावर मोडलेली कांब. राणीने भाजीची परडी टाकली आणि धावत येऊन त्याला आपल्या पदरात गुंडाळलं.

राजाच्या तोंडून सवयीने शब्द गेले, "चल, भूक लागली असेल. वाड्यात चल."

मेघांकने वाड्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले, ओठ दोनदा हलले.

"नाही," मेघांक म्हणाला. "मला अजून थोडा वेळ इथेच बसायचंय."

राजा भद्रायुला साऱ्या आयुष्यात कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्याने मुलाच्या खांद्यावरची कांब उचलली, बाजूला ठेवली आणि शेजारची ओली जागा हाताने पुसून दिली.

"बस," तो म्हणाला. "सावकाश बस."