टाकीची चावी सर्वोच्च स्थानी

एका गावात एक भोळा सरपंच होता. हसू नका, खरंच होता. त्याचं नाव म्हाळू. गावात गट दोन, आणि दोघांनाही वाटलं की हा आपलंच ऐकेल. म्हणून त्याला बिनविरोध निवडून दिलं. पण म्हाळू ऐकायचा फक्त ढवळे गुरुजींचं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, शहाणे गृहस्थ. ते सांगतील ते म्हाळू अक्षर न् अक्षर पाळायचा. तिथंच गावाचं नशीब फुटलं.

सरपंच झाल्यावर त्याच्या हाती आली गावच्या पाण्याच्या टाकीची चावी. हातभर लांब, लोखंडी. ती फिरवली की गावाला पाणी. दिवस वैशाखाचे. त्यात गुरुवारी म्हाळूच्या मुलीचं, मंजुळाचं लग्न. दारात मांडव पडलेला, तीनशे माणूस जेवायला येणार.

रविवारी म्हाळूने विचारलं, "गुरुजी, कारभार कसा करू?"

गुरुजींनी राज्यघटनेचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "यात सगळं आहे. वाच. थोडक्यात सांगायचं तर सत्ता एका हातात ठेवायची नाही. तिचे तीन भाग करायचे."

म्हाळूला थोडक्यातलंच पुरलं. पुस्तक काखेत मारून तो लोहाराकडे गेला. चावीचे तीन तुकडे करून घेतले आणि तीन आळ्यांत एकेक वाटला.

सोमवारी गावात थेंब नाही. तिन्ही आळ्या आपापला तुकडा घेऊन भांडत बसल्या.

"अरे, चावी नव्हती तोडायची!" गुरुजींनी कपाळ धरलं. "कामं वाटायची असतात. एकाने कायदा करायचा, दुसऱ्याने तो राबवायचा, तिसऱ्याने निवाडा द्यायचा. आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही."

"असं व्हय!" म्हाळू म्हणाला. "आता चुकायचो न्हाई."

लोहाराने नवी चावी बुधवारी देतो म्हणून सांगितलं. तोवर म्हाळू बैलगाडीतून शेजारच्या निंबगावाहून पाणी आणायला निघाला. सोबत बायको गोदा आणि निवाड्यासाठी नेमलेला मेहुणा. निघण्याआधी त्याने कागदावर ठराव लिहिला, 'पिंपातून पाणी गळू नये', आणि तो पिंपाला चिकटवला.

पिंप भरून परत येताना ओढ्यापाशी त्याचं बूच उडालं. धार लागली.

"आवं, हात लावा की!" गोदा ओरडली.

"मी कसा लावू? मी कायदा केलाय. राबवणार ग्रामसेवक."

"ग्रामसेवक कुठं हाय?"

"तालुक्याला मीटिंगला."

गोदा स्वतःच पुढे सरसावली, तर म्हाळूने तिचा हात धरला. "तुला तर कायीच नेमलेलं न्हाई!"

पिंप रिकामं झालं. मग मेहुण्याने घसा खाकरून निवाडा दिला, "पाणी गळायला नको होतं." निवाडा अगदी बरोबर होता. सगळ्यांनी मान डोलावली आणि गाडी कोरडी घरी आली.

"अरे, नुसतं बघत बसायचं नसतं!" गुरुजी कळवळून म्हणाले. "एक चुकला तर दुसऱ्याने त्याला अडवायचं. लगाम हवा एकमेकांवर."

"हे आधी सांगायचं न्हाई का, गुरुजी?"

मंगळवारी त्याने एक बैल गाडीपुढे जुंपला आणि दुसरा गाडीच्या मागे, उलट्या तोंडाने. एक चुकला तर दुसरा अडवेल! दोन्ही बैल गुणी निघाले. दिवसभर जीव तोडून ओढत राहिले. गाडी मांडवापासून वीतभरही हलली नाही. म्हाळूला मोठं समाधान वाटलं, कारण दिवसभरात कुणाचीच चूक झाली नव्हती.

मंजुळा मात्र कोरड्या हंड्यांकडे बघून रडायला लागली. "बाबा, उद्या हळद हाय. अंग कशानं धुवू?" तिचं रडणं म्हाळूला बघवेना. भोळा असला तरी बाप होता. बुधवारी लोहाराकडून नवी चावी घेऊन तो थेट गुरुजींकडे पळाला.

"गुरुजी, आता चूक नको. पोरीचं लगीन हाय. एकदाच काय ते सांगा."

गुरुजी दमले होते. म्हणाले, "हे बघ, घटना सर्वांच्या वर. सरपंच, आमदार, मंत्री, सगळे तिच्या खाली. तुझ्या हातातली ही चावीसुद्धा तुझी नव्हे. ती घटनेची आहे. एवढं ध्यानात ठेव आणि जा, पाणी सोड."

यातलं शेवटचं वाक्य म्हाळूला ऐकू गेलं नाही. तोवर तो रस्त्याला लागला होता.

गुरुवारी वऱ्हाड आलं. उन्हाने सगळ्यांचे घसे वाळलेले. नळ कोरडे. गुरुजी धापा टाकत टाकीपाशी पोचले. खाली म्हाळू हात जोडून उभा.

"म्हाळू, चावी कुठाय?"

"जिची तिला दिली." म्हाळूने वर बोट दाखवलं. गावात सर्वांत उंच ती टाकी. तिच्या माथ्यावर लाल कापडात बांधलेलं गाठोडं. "घटना सर्वांच्या वर ठेवली. चावी तिच्यापाशी."

"मग जा, घेऊन ये!"

"कसा जाणार? शिडीच्या पायऱ्या काढत काढत उतरलो. उद्या कुणी तिच्या वर चढलं म्हंजे?"

तेवढ्यात व्याही पुढे आले. त्यांनी वर बघितलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. मग सगळ्या वऱ्हाडाने जोडले. दोन्ही गटांनी जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"अरे, पण पुस्तकात काय लिहिलंय ते वाचलंस का?" गुरुजी रडकुंडीला आले.

"वाचणार व्हतो, गुरुजी," म्हाळू म्हणाला. "पर त्यासाठी तिला खाली आणावं लागलं असतं."