उरलेला चिंचोका

फार पूर्वी, जिथे धुकं तळ्यावरून सहसा हलायचंच नाही अशा एका गावात, बदकं पाळणारी एक बाई राहायची. तिची लेक बकुळ चार वर्षांची होती.

बाईला वाटे, पोरीला लवकर मोजता यावं. रोज सकाळी ती बकुळला समोर बसवून अंक म्हणायला लावी. बकुळ एक ते दहा गाण्यासारखं घडाघडा म्हणायची. पण आईने विचारलं, "पिल्लं किती गं?" की म्हणायची, "खूप!"

एकदा आईने रागाने धपाटा घातला. त्या दिवसापासून अंकांचं नाव काढलं की बकुळ बाजेखाली जाऊन लपू लागली. आईला मनातून फार वाईट वाटलं, पण करावं काय ते सुचेना.

एका सकाळी आई तिला शोधत तळ्याकाठी आली. धुक्यात बकुळ पिल्लांपुढे एकेक चिंचोका मांडत होती. "हा तुझा. हा तुझा."

अभ्यासाला हाक मारायची म्हणून आईने तोंड उघडलं, आणि मिटलं. ती हळूच लेकीशेजारी बसली.

"आणि मला गं?"

बकुळ दचकली. मग हसून तिने आईच्या तळहातावर एक चिंचोका ठेवला.

तेव्हापासून दोघी रोज खेळू लागल्या. पायऱ्या चढताना मोजायच्या, भाकरी थापताना मोजायच्या. चुकलं तर हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

एका संध्याकाळी धुकं इतकं दाटलं की तळं आणि आभाळ एकच झालं. आई घाईने खुराड्याचं दार लावू लागली.

"थांब ना, आई!" बकुळने पिल्लागणिक एक असे जपून ठेवलेले चिंचोके पिल्लांपुढे मांडले. एक हातातच राहिला. "हा कुणाचा?"

"जास्तीचा आला असेल."

"नाही. कुणीतरी यायचं राहिलंय."

आईने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं आणि कंदील उचलला. हाका मारत दोघी काठाकाठाने गेल्या. कमळाच्या देठांत पाय अडकलेलं एक पिल्लू क्षीण आवाजात चिवचिवत होतं.

आईने त्याला सोडवून पदरात घेतलं. घरी येऊन बाकीच्यांत सोडलं, पण 'आता किती?' असं तिने विचारलं नाही. बकुळच पेंगुळल्या डोळ्यांनी एकेकाच्या पाठीवर बोट ठेवत गेली.

"...सात, आठ, नऊ. आली सगळी," ती पुटपुटली आणि आईच्या मांडीवर झोपी गेली.

तात्पर्य एवढंच: धाकाने शिकवलेले अंक ओठांवरच राहतात, खेळता खेळता हाती लागलेले मुलांचे होऊन जातात.