थांबायचं होतं तिला

औषधांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळाच्या फ्रीजमध्ये दोन बहिणी राहत. भूल दिलेल्या माणसाचे स्नायू सैल करायचे, म्हणजे श्वासाची नळी घशातून नीट आत जाते, हे दोघींचं काम. थोरली रोक्युरोनियम अंगात गेली की बराच वेळ मुक्काम करी. धाकटी सक्सिनिलकोलीन झटकन काम करी आणि थोड्याच वेळात विरून जाई.

"ताई, माणूस जागं होताना कसं दिसतं गं?" धाकटी विचारी. "एकदा तरी मला थांबायचंय."

एके दिवशी गोदाक्का कासारणीला भूल दिली आणि धाकटीला आत सोडलं. पण नळी काही केल्या जाईना. मास्कनेही हवा शिरेना. ओठ निळे पडू लागले. धाकटीने मात्र थांबायच्या हट्टाने श्वासाचेही स्नायू सैलच धरून ठेवले होते. मग छातीत अडकलेला श्वास तिला जाणवला आणि तिने हात सोडले. गोदाक्काने आपला आपण श्वास घेतला.

"आज तुझ्याऐवजी मी आत गेले असते, तर जागं व्हायला कुणी उरलं नसतं," धाकटी फ्रीजमध्ये परतल्यावर थोरली म्हणाली.

बाहेर कुणीतरी खोकलं. त्या गोदाक्काच असाव्यात, असं मानून धाकटी कितीतरी वेळ ऐकत राहिली.