ओल्या वाटेचा धसका

फार पूर्वी श्वेतपूर नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पाथरवटांच्या कुळात जन्मला आणि वयात आल्यावर राजाच्या तांबड्या दगडाच्या खाणीचा नाईक झाला. राजा तेव्हा नदीवर मोठा बांध घालीत होता. दगड कितीही निघाला तरी कमीच पडे.

खाणीच्या पायथ्याशी धवलग्राम नावाचे परटांचे गाव होते. विणकरांकडून आलेले कोरे कापड खारात उकळायचे, नदीत आपटायचे आणि महिनाभर माळावर अंथरून उन्हाने पांढरे करायचे, हा त्यांचा धंदा. तांबडी खाण आणि पांढरे कापड एका वाऱ्यात नांदू लागल्यावर काय होते, ते वेगळे सांगायला नको.

या गावात सामा नावाची साठीची परटीण राहत होती. तिचा नवरा भद्रिक तीन वर्षे खाटेला खिळून होता. त्याच्या छातीत धूळ बसली होती. खाणीत घणाचा घाव पडला की तो दचकून उठे, आणि उठला की खोके. पंचांनी ठरवले होते, याही उन्हाळ्यात कापड तांबूस निघाले तर गाव उठवायचे आणि नदीच्या वरच्या अंगाला जायचे. ती सहा दिवसांची वाट होती. भद्रिक ती पुरी करणार नाही हे सामाला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते, आणि दोघे त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढीत नव्हते.

सामा रोज संध्याकाळी केळीच्या पानाला तेलाचे बोट लावून ते छपरावर ठेवी आणि सकाळी त्यावर किती धूळ बसली ते पाही. पान दरवेळी तांबडे निघे. तिचा माणसांवरचा विश्वास असा पानापानाने गेला होता.

आधीचे नाईक मोठे हुशार होते. अमात्य कालसेन पाहणीला यायचा असला की ते आदल्या दिवशीच गाडीवाटेवर पाणी शिंपडत आणि घणांना सुट्टी देत. कालसेन येई, "कुठे आहे धूळ?" म्हणून हसे आणि पान खाऊन परत जाई. मग बुडालेले काम भरून काढायला चार दिवस दुप्पट घण आणि दुप्पट गाड्या. तेव्हापासून गावाने एक नियमच करून टाकला होता: वाट ओली दिसली की कापड आत.

बोधिसत्त्वाने आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती वाटेवर पाणी शिंपडण्याची. धवलग्रामात धावपळ उडाली. बायांनी माळावरचे कापड गोळा करून घरात कोंबले. दुसऱ्या दिवशीही वाट ओली, तिसऱ्याही दिवशी ओली. बोधिसत्त्वाने दगड फोडण्याचे काम टेकडीआड नेले, घण चालवायचे ते दिवस चांगला वर आल्यावरच, असे बांधून दिले. गाव घाबरत गेले. एवढी तयारी चालली आहे, म्हणजे खुद्द राजाच येणार, आणि तो गेल्यावर काय धुरळा उडेल! दुधाने तोंड पोळलेली ती माणसे ताकसुद्धा फुंकून पीत होती. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते आणि कापड घरात पिवळे पडत चालले होते.

"अगं, आज घाव कमी वाटतात," भद्रिक खाटेवरून म्हणाला.

"अहो, मारक्या बैलानं शिंगं खाली घातली की जास्त सांभाळायचं असतं," सामा म्हणाली.

त्या सकाळी पान जवळजवळ स्वच्छ निघाले होते. तिने पानावर संशय घेतला आणि पान बदलले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने तेलावर संशय घेतला.

अशात नाईकाने खाणीच्या वाऱ्याकडची, धूळ न येणारी आपली जुनी जागा सोडून खाण आणि गाव यांच्या मधोमध झोपडी बांधली, जिथे धूळ आधी त्याच्या अंगावर यावी. गावात कुजबुज झाली, "याचा आपल्या माळावर डोळा आहे." सामाला राहवेना. ती तडक वर गेली.

"या आई, बसा," बोधिसत्त्व म्हणाला.

"बसायला नाही आले. पाणी कुठं मुरतंय ते बघायला आले. वाटेवर रोज शिंपडता, ते आमच्या नदीचं का?"

त्याने तिला खाणीच्या तळाशी नेले. तिथे दगडातून झिरपलेले तांबडे पाणी साचले होते आणि माणसे तेच पखालीत भरत होती. सामाने त्यात बोट बुडवून पाहिले. निघताना त्याने तिच्या हातात काशाची एक थाळी आणि ती वाजवायचे लाकडी दांडके दिले.

"मी दिवसभर धुळीत असतो, आई. आता ती मला दिसतच नाही, घावही ऐकू येत नाहीत. तुम्हाला दोन्ही कळतं. सोसवेना की थाळी वाजवा. घण थांबतील, आणि तुम्ही पुन्हा वाजवेपर्यंत उचलले जाणार नाहीत."

"आणि मी उगाच वाजवली तर?"

"तरी थांबतील."

सामा घरी आली ती जास्तच घाबरून. ताकाला जाऊन भांडे लपवणारे तिने खूप पाहिले होते; हा तर भांडेच हातात देत होता. तिने थाळी अंगणातल्या शेवग्याला टांगली आणि अकरा दिवस तिला हात लावला नाही.

बाराव्या दिवशी अमात्य कालसेन खाणीवर आला. बांधाच्या मुखाशी बसवायची प्रचंड शिळा त्या दिवशी सुटी करायची होती. तीस घण एका तालात पाचरांवर पडत होते. मध्येच ताल तुटला तर शिळा वेडीवाकडी फुटणार, हे खाणीशेजारी म्हातारी झालेल्या सामाला न कळायला काय झाले? धूळ नव्हती. तरी तिने दांडके उचलले. आज नाही थांबले, तर हा माणूस कायमचा कळला.

थाळी वाजली. घण थांबले.

अशी शांतता पडली की सामाच दचकली. काही वेळाने आतून भद्रिकचा आवाज आला, "नदी ऐकू येते गं." सामाला एकदम रडू कोसळले. नदी पन्नास पावलांवर होती, आणि किती वर्षांत त्या घरात ती कुणी ऐकली नव्हती.

घण पुन्हा पडेनात. नाईक दुसऱ्या टोल्याची वाट पाहत असणार, हे तिच्या उशिरा ध्यानात आले. तिने सकाळचे पान घेतले आणि टेकडी चढली. मागोमाग गावही चढले.

वर शिळा मधोमध तिरकी तडकली होती. बोधिसत्त्व डोक्याचे पागोटे हातात घेऊन उभा होता आणि कालसेन ओरडत होता, "राजाचं काम एका परटिणीच्या थाळीवर चालवतोस? चालता हो इथून!"

"अमात्यजी, धूळ नव्हती," सामा पुढे होऊन म्हणाली. "हे बघा पान. मी मुद्दाम वाजवली. हा माणूस खोटा ठरतो का ते बघायचं होतं. काढायचं तर मला गावातून काढा."

कालसेनने पान पाहिले, मग दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "पान पुसून आणलंयस. म्हातारे, तू याचीच माणूस दिसतेस."

"मी? याची?" सामा कडाडली. "दीड महिना याच्या नावानं बोटं मोडतेय, विचारा गावात!" गाव खो खो हसले. "माझ्या पानावर भरवसा नसेल तर तुमचं उपरणं झटका. सकाळपासून खाणीत उभे आहात ना?"

कालसेनने पांढरे उपरणे काढून झटकले. तीस घण चालल्यावर त्यातून तांबडा लोट उठायला हवा होता. काही उठले नाही. त्याने पुन्हा झटकले. मग ते खांद्यावर टाकले.

"राहा," तो शेवटी नाईकाला म्हणाला. "शिळा नवी काढ. पण ती थाळी परत घे. हिनं पुन्हा उगाच वाजवली तर काय करशील?"

"पुन्हा थांबेन," बोधिसत्त्व म्हणाला. "खरी हाक कुठली आणि खोटी कुठली, हे मी निवडायला लागलो की ती थाळी माझी झाली. मग ती तिच्या दारात टांगून काय उपयोग?"

थाळी शेवग्यालाच राहिली.

दुसऱ्या सकाळी गाडीवाट ओली होती. सारे गाव दारात उभे राहून पाहत असताना सामाने आपले पहिले कापड खांद्यावर घेतले, माळावर नेले आणि अंथरले. दुपारपर्यंत सारा माळ पांढरा झाला. सामा मात्र संध्याकाळपर्यंत कापडाजवळून हलली नाही, आणि घरी गेल्यावर छपरावर तेलाचे पान ठेवायलाही विसरली नाही. गाव उठले नाही. भद्रिक पाऊस येईतो जगला, आणि गेला तो आपल्याच खाटेवर, नदी ऐकत.

ही गोष्ट सांगून शास्ते भगवान समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "आपल्या हातून तिच्या दानाचे धान्य एकदा कुजल्यापासून विहाराच्या कोठारातले प्रत्येक पोते उघडून पाहते म्हणून जिच्यावर तुम्ही चिडता, ती उपासिका त्या जन्मी सामा होती. तिची सर्वांत मोठ्याने तक्रार करणारा, तो तिथे मागे बसलेला, कोठार सांभाळणारा भिक्षू कालसेन होता. तिला पोते उघडून देणारा म्हातारा द्वारपाल भद्रिक होता. खाणीचा नाईक मी होतो. भिक्षूंनो, जिला आपल्यामुळे सोसावे लागले, तिचा संशयही आपण सोसावा. यालाच क्षांतिपारमिता, सहनशीलतेची पूर्णता, म्हणतात."

मागे बसलेला भिक्षू उठला आणि कोठाराची किल्ली त्या उपासिकेच्या हातात देऊन आला.